पावसाच्या वह्या

आमच्या घरी पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. मोजतात म्हणजे बाबा मोजतात. रात्रभर कोसळलेला असो की नुसता शिंतडून गेलेला, साडेआठ वाजले की ते अंगणातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं काढतात, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि पाण्याची रेघ डोळ्यांसमोर धरून आकडा वाचतात. मग तो वहीत. साडेआठच का, तर हवामान खातं देशभर त्याच वेळेला मोजतं म्हणून. लहानपणी मला वाटायचं की देशभर सगळ्यांचे बाबा त्या वेळी अंगणात उभे असणार.

हा पर्जन्यमापक मुळात शाळेचा. कुठल्याशा विज्ञान प्रदर्शनासाठी आणला होता, प्रदर्शन संपलं आणि तो अडगळीत गेला. बाबा तिथेच मास्तर. मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी तो घरी आणला आणि जून १९८७ पासून वही सुरू केली. दरवर्षी एक वही, जून ते ऑक्टोबर. वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्या वर्षीच्या वहीत बाबांनी ‘अकोला’वर एक रेघ मारून शेजारी ‘वाशीम’ लिहिलं होतं, आणि खाली त्या दिवसाचा पाऊस. जिल्हा झाला त्याचं कौतुक एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ‘होतं, होतं’ का चाललंय. तेच सांगायला बसले आहे. घरच्यांना अर्धं ठाऊक आहे, पण अर्धं मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

मी पुण्यात पीएचडी केली ती पावसावर. (नातेवाईकांसाठी: नाही, मी टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगत नाही. काकू, दरवेळी विचारतेस म्हणून.) विषय असा की आपल्या भागातला मुसळधार पाऊस संगणकाच्या मॉडेलला नीट पकडता येतो का. आपला जिल्हा या कामाला फार चांगला, म्हणजे फार अवघड. वाशीमच्या उंचवट्यावर पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, म्हणजे अरबी समुद्र. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी वर्धा आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. एकाच ढगाचं पाणी अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आणि ढग म्हणाल तर या शिवारात झोडपेल आणि पलीकडच्या शिवारात थेंब नाही. मॉडेलच्या जाळीचे चौकोन पंचवीस-पंचवीस किलोमीटरचे असतील तर अख्खा तालुका दोन-तीन चौकोनांत संपतो. म्हणून मी तीन किलोमीटरची जाळी घेतली. आडवे तीनशे, उभे तीनशे आणि जमिनीपासून वर आभाळात पन्नास थर. झाले ४५ लाख ठोकळे. प्रत्येक ठोकळ्यात वारा, तापमान, बाष्प, दाब हे सगळं दर अठरा सेकंदांच्या पावलानं पुन्हा काढायचं, जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत. हे घरच्या लॅपटॉपचं काम नाही. एका हंगामाला ४८० कोअर लावले तरी चार दिवस. माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपला तेवढंच करायला सव्वा वर्षाहून जास्त लागलं असतं, आणि मला बारा हंगाम हवे होते.

म्हणून महासंगणक. आमच्या भागात या शब्दाचा अभिमान जरा जास्तच. डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. मूर्तिजापूर म्हणजे कारंज्याला लागूनच. मधली ‘शकुंतला’ अजून धावत होती तेव्हा तिच्यातून तिथे जाता यायचं, सोबत डबा आणि दिवसभराची सवड असली की. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेनं आपल्याला एक क्रे महासंगणक दिला तो पावसाच्या अंदाजासाठी, दिल्लीत. त्याहून ताकदीचा मागितला तर दिला नाही. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं, आणि भटकरांच्या हाताखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. बाबांनी हे वर्गात इतक्यांदा सांगितलंय की आमच्या गावातल्या पोरांना मुख्यमंत्र्याचं नाव एकवेळ येणार नाही, पण परम येतो. पुढे पुण्यातच टाटांचा ‘एका’ झाला, तो २००७ साली जगात चौथा लागला होता. हवामानासाठी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, २०२४ मध्ये ‘अर्क’. मी ज्या यंत्रावर काम केलं त्याचं नाव मात्र घेत नाही. पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता.

महासंगणक म्हटला की लोकांना वाटतं एक भलंमोठं यंत्र आणि समोर पांढरा कोट घालून मी. प्रत्यक्षात मी हॉस्टेलच्या खाटेवर, मांडीवर लॅपटॉप आणि एक काळी खिडकी. यंत्र कुठल्याशा थंड खोलीत, मी ते आयुष्यात एकदाच पाहिलं, काचेतून. ते माझ्या एकटीचं नव्हतंच. शेकडो जण त्यावर असायचे. कोणी औषधांचे रेणू फिरवतंय, कोणी विमानाच्या पंखावरचा वारा, कोणी आकाशगंगा. तुम्ही काम लिहून द्यायचं, इतके कोअर हवेत, इतके तास हवेत, आणि रांगेत उभं राहायचं. नावापुढे ‘पीडी’ दिसतं, म्हणजे पेंडिंग. ज्यानं गेल्या काही आठवड्यांत जास्त वापरलं त्याचा नंबर मागे ढकलला जातो, ज्यानं कमी वापरलं तो पुढे. तुम्ही मोठं काम दिलंत तर जास्त थांबा, छोटं दिलंत तर दोन मोठ्यांच्या फटीत सरकून जातं.

बाबांना हे एकदा सांगत होते. ते म्हणाले, "म्हन्जे आपल्या मोटरीच्या लाइनीसारखं." अगदी तसंच. शेतातली थ्री-फेज रात्रीची असते तेव्हा माणूस बॅटरी घेऊन अडीच वाजता विहिरीवर जाऊन बसतो ना, तशी मी कित्येक रात्री ‘पीडी’कडे बघत बसले आहे. पहाटे तीनला कधीतरी ‘पीडी’चं ‘आर’ व्हायचं, म्हणजे रनिंग, आणि पाट फुटल्यासारखं वाटायचं. काम सुरू झालं तरी एका वेळी बहात्तर तासच; त्यानंतर यंत्र काम तोडतं, कारण मागे दुसरे उभे आहेत. म्हणून दर काही तासांनी मॉडेलची तेव्हाची स्थिती फायलीत लिहून ठेवायची आणि पुन्हा नंबर लागला की तिथून पुढे. पहिल्या वर्षी हे न कळल्यानं माझा एक ऑगस्ट तीन वेळा वाया गेला. शिवाय मी एकदा जड काम चक्क सगळ्यांच्या प्रवेशाच्या दारात, लॉगिन नोडवर, सुरू केलं होतं. विहिरीच्या पायरीवर म्हैस बांधण्यासारखं. त्यावर आलेलं पत्र अजून जपून ठेवलंय. असो.

आता साठवणीचं. तिथे प्रत्येकाला दोन जागा असतात. एक ‘होम’: लहान, माझी ५० जीबी होती, आणि तिची प्रत नियमानं दुसरीकडे ठेवली जायची. दुसरी ‘स्क्रॅच’: प्रचंड मोठी आणि वेगवान, कारण एकेक फाइल तुकडे करून कितीतरी डिस्कांवर एकदम लिहिली जाते. काम करताना मॉडेल तिथेच ओकत राहतं. माझ्या एका हंगामाचं ७०० जीबी, बारांचं आठ टीबीच्या वर. एखादी डिस्क बिघडली तर बाकीच्यांवरून ती भरून काढायची सोय असते, त्यामुळे माणसाला वाटतं की हे सुरक्षित आहे. पण डिस्क बिघडणं वेगळं आणि फाइल पुसली जाणं वेगळं. पुसलेली फाइल सगळ्या डिस्कांवरून एकाच वेळी, अत्यंत कार्यक्षमतेनं पुसली जाते. स्क्रॅच म्हणजे खळं. सोयाबीन तिथे काढायचं, पोती भरायची आणि खळं दुसऱ्यासाठी मोकळं करायचं. साठ दिवस कोणी हात न लावलेली फाइल यंत्र आपोआप काढून टाकायचं. हे लपवलेलं नव्हतं. दर वेळी लॉगिन केलं की पहिल्या चार ओळी याच असायच्या. मी त्या ओळी शेकडो वेळा पाहिल्या, आणि शेकडो वेळा पाहिलेल्या गोष्टीचं जे होतं ते झालं. काही जण दर महिन्याला सगळ्या फायलींना नुसतं शिवून तारीख ताजी करून घेतात, ही चलाखी तिथल्या सगळ्यांना ठाऊक असते. मी ती करत नव्हते, प्रामाणिकपणामुळे नव्हे, आळसामुळे.

वह्यांची गोष्ट इथे येते. मॉडेलचा पाऊस खऱ्या पावसाशी ताडून बघायला हवा. तालुक्याच्या, मंडळाच्या ठिकाणचे आकडे मिळतात. पण एकाच जागी, एकाच माणसानं, एकाच वेळेला मोजलेला चौतीस वर्षांचा पाऊस, तोही तीन किलोमीटरच्या चौकोनाच्या जवळजवळ मधोमध, असा माझ्याच घरात होता हे माझ्या लक्षात यायला २०२० चं लॉकडाउन यावं लागलं. त्या वर्षी मी गावीच अडकले होते. ओसरीवर बसून एकेक वही टाइप करायला घेतली. बाबा वाचायचे, मी टाइप करायचे. "चौदा पॉइंट दोन. निरंक. निरंक. तीन." एका हंगामाचे १५३ दिवस, असे चौतीस हंगाम. २०२० चा पाऊस संपेपर्यंत ५,२०२ ओळी झाल्या. फाइल किती मोठी? दीडशे केबी.

वह्यांच्या समासात बाबांनी इतरही बरंच लिहिलेलं असे. ‘पेरणी’. ‘दुबार पेरणी’. ‘तांबडा बैल विकला’. ‘आईला अकोल्याला नेले’. वाचता वाचता ते थांबायचे आणि त्या बैलाची गोष्ट सुरू व्हायची. मी म्हणायचे, बाबा, नुसते आकडे सांगा ना. एका जुलैच्या पानावर ‘मुलगी झाली’ असं होतं आणि पुढे ३१. ती मी. मी ३१ टाइप केलं आणि पुढे गेले.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, घराचं छत दुरुस्तीला काढलं. वह्यांची ट्रंक खाली उतरवली तर बुडाला वाळवी. बाबांचा फोन आला. "अर्ध्या वह्यायले वाळवी लागली पोरी. ठेवू का काय करू? तुह्या कम्प्युटरमंधी हाये ना सारं?"

मी रांगेत होते. माझ्यापुढे चौदा कामं होती. मी म्हटलं, "हो बाबा, सगळं आहे. द्या टाकून."

वाळवीचा कागद रद्दीवाला घेत नाही. त्या वह्या बंबात गेल्या. आंघोळीच्या पाण्याला.

त्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. मला फारसं वाईटही वाटलं नाही, महासंगणकावर सगळं आहे म्हणून. आणि बाबांची फाइल ठेवली होती ती स्क्रॅचवर, मॉडेलच्या आठ टीबीच्या शेजारी, कारण दोन्हींची तुलना करणारा प्रोग्राम तिथेच चालायचा आणि मला रस्ता लांबवायचा कंटाळा. होममध्ये ५० जीबी जागा होती. त्यात दीडशे केबीच्या अशा तीन लाखांवर फायली मावल्या असत्या. पेन ड्राइव्हवर मावली असती, मेलमध्ये मावली असती.

२०२२ च्या ऑगस्टअखेर मला डेंगू झाला. घरी आले. अशक्तपणा गेला तोवर सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. ७ नोव्हेंबरला पुण्यात परत आले, लॉगिन केलं. स्क्रॅचवर फोल्डर सगळी जागच्या जागी होती, नावांसकट, वर्षांसकट. आत काही नव्हतं. मेल पाहिली तर पूर्वसूचनेची दोन पत्रं येऊन पडलेली होती. यंत्र सांभाळणाऱ्यांना लिहिलं. एका ओळीचं सभ्य उत्तर आलं, आणि ती ओळ लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या चार ओळींतलीच होती.

यापेक्षा मोठमोठ्यांचं गेलेलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा ७७ टीबी डेटा गेला, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, चौदा संशोधक गटांच्या. आणि कशामुळे, तर बॅकअप घेणाऱ्या प्रोग्राममुळेच. जुन्या नोंदी साफ करायच्या म्हणून तो प्रोग्राम सुधारला, पण आधीचा चालू असतानाच त्याच्या जागी नवा ठेवला. अर्धवट वाचलेल्या हुकमांनी नोंदींऐवजी खऱ्या फायली पुसायला घेतल्या. चार गटांचं काही परत आणता आलं नाही. हे वाचून मला पाच मिनिटं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण तिथेच एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली, ती आधी शिरायला हवी होती. माझे आठ टीबी गेले म्हणजे नक्की काय गेलं? मॉडेल सगळ्यांना खुलं आहे. सुरुवातीला आणि कडेनं जे वातावरण भरायचं तो युरोपीय केंद्राचा डेटा पुन्हा उतरवता येतो. माझी सेटिंगची फाइल होममध्ये होती, चार-पाच केबीची. पुन्हा रांगेत उभं राहा, पुन्हा चालवा, आठ टीबी परत. अगदी दशांशापर्यंत तेच आकडे येतील असं नाही, मधल्या काळात यंत्रावरचा कंपायलर बदलला होता, पण पाऊस तोच. गाइडांनी जादा तास मिळवून दिले, साडेचार महिन्यांत पाच हंगाम परत उभे केले आणि प्रबंध त्या पाचांवरच लिहिला. महाग पडलं, दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे तास त्यात गेले, त्याची लाज अजून आहे. पण झालं.

दीडशे केबी मात्र कुठल्याही रांगेत उभं राहून मिळणार नव्हती. २०१३ चा जुलै आता कोणी पुन्हा पाडून देणार नाही.

सगळंच गेलं असंही नाही. टाइप करणं अर्ध्यावर असताना, जुलै २०२० मध्ये, मी गाइडांना नमुना म्हणून फाइल मेल केली होती. त्यात १९८७ ते २००५. एकोणीस वर्षं वाचली, तीही बढाई मारण्यासाठी पाठवली होती म्हणून. २००६ ते २०२०, पंधरा वर्षं गेली. एका लेखाच्या मसुद्यात हंगामाच्या एकूण पावसाचा आलेख होता. त्यावरून, पट्टी लावून म्हणा हवं तर, पंधरा वर्षांच्या बेरजा काढता आल्या. म्हणजे महिनाभराचा हिशेब हरवला आणि शेवटची रक्कम तेवढी कळली.

बाबांना फोनवरच सांगितलं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. बराच वेळ काही आवाज नाही, मागे आई कुकरची शिट्टी मोजत होती. मग म्हणाले, "दोन हजार तेराचं गेलं?" मी हो म्हटलं. "त्या सालचा पानी लय होता," म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

जानेवारीत कारंज्याला गेले, आईच्या माहेरी. मामांनी हे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल, तुला काही दाखवतो. त्यांच्या ओळखीनं एक जुनी जैन पोथी बघायला मिळाली. कारंज्यात लहानाची मोठी झालेली आई, मी दर सुट्टीत तिथे जाणारी, आणि तिथल्या पोथ्यांच्या भांडारांबद्दल मला फक्त ‘आहेत’ एवढंच माहीत. तिथल्या हस्तलिखितांवरून गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात केवढं काम झालं. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटातला अपभ्रंश कवी. त्याचं ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये संपादित केलं, ‘णायकुमारचरिउ’ डॉ. हीरालाल जैनांनी १९३३ मध्ये, आणि हे ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालांतून निघाले. हीरालाल जैन तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात शिकवायचे. पुष्पदंताच्या हातची पोथी कुठेच नाही. हजार वर्षांत ती कधीच मातीला मिळाली. राहिल्या त्या नकलांच्या नकला, वेगवेगळ्या गावांत. पोथी लिहवून घेऊन दान देणं हे त्या लोकांत पुण्याचं काम. कोणी व्रताच्या सांगतेला एक पोथी लिहवायचं आणि मंदिराला द्यायचं. शेवटी लिहायचं की कोणी लिहिली, कोणासाठी, कुठल्या साली. नकलकार बिचारे बहुधा हेही लिहीत की पुढ्यात होतं तसं उतरवलंय, चूक असली तर दोष मला नाही. संपादक मग दोन-चार प्रती शेजारी मांडून बसायचा. एकीत वाळवीनं खाल्लेलं दुसरीत असायचं.

आमच्या शास्त्रात हल्ली सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. मामांना सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्या गावी कोनाकडं, हे नाई सांगत?"

त्यांचं ते ‘कोनाकडं’ डोक्यात ठेवून मी परत आले आणि बसमध्येच आठवलं. पोस्टकार्डं!

बाबा पत्रात पाऊस लिहायचे. सगळ्यांना लिहायचे. रिसोडच्या काकूला, अमरावतीच्या आत्याला, दादा शिकायला बाहेर होता तेव्हा त्याला. ‘सर्व कुशल, काल इकडे ४२ मिमी झाला, मुगाला बरे.’ आम्ही हसायचो त्या मिमीला. फोन आल्यावर पत्रं कमी झाली, पण पन्नास पैशांच्या कार्डाची सवय २०१० पर्यंत तरी होती. पुढे दादानं त्यांना स्मार्टफोन दिला, आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर सकाळी पावणेनऊला ‘आज १८’ असं येतं, ज्यावर आपण कोणी कधी काही लिहीत नाही. म्हणजे वह्यांच्या प्रती तुमच्याकडे आहेत. फुटकळ, विखुरलेल्या, पण आहेत.

दादाच्या जुन्या फोनमध्ये जून २०१६ पासूनचे मेसेज निघाले, मधले काही आठवडे सोडून. ते सगळे उतरवले, यावेळी होममध्ये, घरच्या डिस्कवर आणि आत्याच्या मुलाकडे अमरावतीला. दर महिन्याला तिन्ही प्रती ताडून बघते, प्रत बनवली आणि ती उघडतच नाही असं होऊ नये म्हणून. आत्याकडून नऊ कार्डं आली. दिवाळीला काकूनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून आजवर चौदा. २०११ ते २०१५ अगदी कोरं आहे. त्या वर्षांसाठी आईनं एक भलताच मार्ग सुचवला. तिची कालनिर्णयची जुनी पानं फडताळात खणांखाली अंथरलेली असतात, त्यांच्यावर दुधाचा हिशेब. दूधवाला ज्या दिवशी ओढा ओलांडून येऊ शकला नाही त्या दिवशी खाडा. खाडा म्हणजे मिलिमीटर नव्हेत, कुठल्याही परीक्षकानं असला पुरावा हसून परत केला असता. पण २०१३ च्या जुलैच्या पानावर सात खाडे आहेत, आणि ते पान मी बाबांना दाखवलं तेव्हा ते बोटानं एकेक खाडा मोजत बराच वेळ बसले होते. आता मी ओळीत समासासाठी एक रकाना ठेवलाय. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते त्यात टाइप केलं, बैलासकट.

तर मंडळी, हे लिहायचं कारण स्वार्थी आहे. ज्यांच्याकडे बाबांची २००६ नंतरची पत्रं असतील त्यांनी फोटो काढून पाठवा. दोन्ही बाजूंचा, पोस्टाच्या शिक्क्यासकट, कारण बाबा ‘काल’ लिहितात आणि तारीख विसरतात. जुने फोन विकण्याआधी ग्रुपचे मेसेज मला द्या.

काकूचं कालच एक कार्ड आलं. ऑगस्ट २००६. ओल लागून शाई पसरली आहे, ‘काल ७’ एवढं वाचता येतं, त्यापुढे एक आकडा असावा आणि मग ‘मिमी’. सात की सत्तरच्या घरातलं काही, कळत नाही. पुन्हा चालवलेल्या पाच हंगामांत २००६ आहे. त्या दिवशी आमच्या चौकोनात मॉडेल ५८ दाखवतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, आठवत नाही, अंदाजानं लिहू नको. मी ७ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. आईचं त्या महिन्याचं पान अजून सापडायचं आहे, ती म्हणते मधल्या खणाखाली असेल.